फ्रायबुर्गचे चारशे शब्द

१९५३ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये कार्ल-हाइन्त्स हालब्रॉक यांनी ऐकण्याची एक चाचणी तयार केली. एका उच्चारात संपणारे चारशे जर्मन शब्द, वीस-वीसच्या वीस याद्या. शब्द कानावर पडला की रुग्णाने तो म्हणून दाखवायचा. बरोबर आलेला प्रत्येक शब्द पाच टक्क्यांचा.

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख, फक्त सांगतो, किती हळू सूर ऐकू येतो. पण तोच आलेख असलेल्या दोघांपैकी एकाला बोलणं नीट कळतं, दुसरा अर्ध्यावर अडखळतो. कान-तज्ज्ञांना हे ठाऊक होतंच. मधल्या कानात यंत्र बसवण्याचे दिवस आले, तेव्हा या फरकाला खरं वजन आलं.

मधल्या कानाला थेट हलवायची कल्पना जुनी. १९३५ मध्ये फिनलंडच्या आल्वार विल्स्का यांनी कानाच्या पडद्यावर लोखंडाचे कण ठेवून विद्युतचुंबकाने ते कंपित केले. १९८०च्या दशकात जपानी डॉक्टरांनी रुग्णांच्या कानात यंत्र बसवलं. मग आले जेफ्री बॉल. लहानपणापासून स्वतःच कमी ऐकू येणारे हे अमेरिकन अभियंते. त्यांनी जेमतेम २५ मिलिग्रॅम वजनाचं कंपक घडवलं. ते मधल्या कानातल्या ऐरणीच्या हाडाला अडकवायचं. १९९६ मध्ये झुरिकला उगो फिश यांनी ते पहिल्यांदा बसवलं. पुढे बॉल यांनी स्वतःच्या कानांतही ते बसवून घेतलं. त्यांची कंपनी बंद पडल्यावर २००३ मध्ये हे तंत्रज्ञान इन्सब्रुकच्या मेड-एल कंपनीकडे गेलं.

शस्त्रक्रियेआधी रुग्ण एकच विचारतो: मला बोलणं कळेल का? इथे हालब्रॉक यांच्या याद्या कामी आल्या. आवाज टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा आणि शब्दांचे सर्वाधिक गुण टिपायचे. यंत्र कंप पोचवतं, आतल्या कानातल्या मेलेल्या केसपेशी जिवंत करत नाही. म्हणून यंत्र लावून साध्या बोलण्याच्या, म्हणजे ६५ डेसिबलच्या आवाजात किती शब्द कळतील, याचा अदमास या गुणांवरून बांधता येतो. माणसाच्या आशेचा प्रश्न असताना एवढी साधी गोष्ट मोजणं टाळू नये.

अडचणीही आहेत. सगळ्या याद्या सारख्या कठीण नाहीत, हा आक्षेप जुनाच. मधल्या कानाचाही बिघाड असेल, तर हेडफोनचा आवाज आतपर्यंत पुरेसा पोचत नाही आणि गुण उगाच कमी येतात. अशा वेळी कवटीच्या हाडावाटे मोजलेलं ऐकणं जास्त विश्वासाचं. शिवाय इटलीतल्या वेरोनाच्या व्हित्तोरियो कोलेत्ती यांनी २००६ मध्ये मधल्या कानातल्या हाडांची साखळी तुटलेल्यांसाठी कंपक थेट आतल्या कानाच्या गोल खिडकीपाशी बसवल्याचं प्रसिद्ध केलं. तिथे कंपक खिडकीला किती नीट टेकलंय यावरही निकाल ठरतो, आणि तो टेकू शस्त्रक्रियेच्या मेजावरच कळतो. आधीच्या कुठल्याही यादीत तो सापडत नाही.