लहरी माणसांचे गायरान

बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केली की माणसाला कवितेपेक्षा नियमावलीत जास्त रस वाटू लागतो. म्हणूनच हौशी रेडिओवाल्यांचा इतिहास साता समुद्रापलीकडचा असूनही मला घरचा वाटतो.

ऑगस्ट 1912 मध्ये, म्हणजे टायटॅनिक बुडाल्यावर चारच महिन्यांनी, अमेरिकन सरकारने रेडिओचा कायदा केला. लहर जितकी लांब तितका संदेश दूर जातो, अशी तेव्हाच्या जाणत्यांची ठाम समजूत. तेव्हा लांब लहरी आरमाराने आणि कंपन्यांनी ठेवून घेतल्या, आणि हौशी मंडळींना सांगितलं, 'बाबांनो, तुम्ही 200 मीटरच्या खाली खेळा.' भावकीच्या वाटणीत धाकट्याला खडकाळ तुकडा देतात, त्यातलाच प्रकार! पण धाकटा चिवट निघाला. डिसेंबर 1921 मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन गडी स्कॉटलंडात आर्ड्रोसनला तंबू ठोकून बसला आणि त्याने थेट अमेरिकेतल्या हौशी केंद्रांची टिकटिक ऐकली. 1923 मध्ये शंभरेक मीटरच्या लहरींवर अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून चक्क गप्पा झाल्या. मग काय, खडकाला पाणी लागलं म्हटल्यावर थोरले भाऊ मोजणीची साखळी घेऊन हजर!

पुढे सारं जग आखूड लहरींकडे धावलं, तेव्हा यांच्यातल्या काही वल्लींनी नेमकं उलट तोंड फिरवलं. 2007 मध्ये 136 किलोहर्ट्झजवळ एक चिंचोळी पट्टी हौशींना अधिकृतपणे मिळाली. अट अशी, की हवेत जाणारी शक्ती एका वॅटच्या वर नको. (आमच्या देवघरातला झिरोचा बल्बसुद्धा याहून जास्त खातो.)

खरं गायरान त्याच्याही खाली. लहरींच्या वाटपाचा आंतरराष्ट्रीय तक्ता तेव्हा 9 किलोहर्ट्झपासून सुरू होई. त्याखालचा रकाना कोरा. कोरा रकाना दिसला की कारकुनाच्या पोटात गोळा येतो. यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अर्थात देशोदेशीचे कायदे निराळे, काही ठिकाणी खास परवाना काढावा लागतोच. 2012 च्या परिषदेत विजा टिपणाऱ्या हवामानवाल्यांसाठी तक्ता 8.3 पर्यंत खाली ओढला गेला. साहेबांचं टेबल सरकलं की आपण खुर्ची घेऊन भिंतीला लागतो, तशी मंडळी निमूटपणे 8.27 वर सरकली.

इथली एक लहर 36 किलोमीटर लांब. बोरीबंदरहून निघाली तर ठाणं ओलांडूनच संपेल. एरियल निदान पाव लहरीएवढा असावा म्हणतात. म्हणजे नऊ किलोमीटर, एव्हरेस्टहून उंच! यावर तोडगा म्हणजे पतंग. शंभर-दोनशे मीटर तार त्याला बांधायची, खाली भलंमोठं वेटोळं जोडायचं आणि शेकडो वॅट ओतायचे. त्यातले हवेत जातात मिलिवॅटच्या हिशेबाने. बाकीचे वेटोळं आणि जमीन गरम करतात. ऐकणारा शेकडो किलोमीटरवर संगणकापुढे बसलेला, आणि मध्ये विजांचा कडकडाट. त्यातून निभावायचं तर मोर्सचं एक टिंब मिनिटभर धरावं लागतं. या चालीने 'ए' हे एक अक्षर, टिंब-रेघ धरून, पाच मिनिटं घेतं. चौथ्या मिनिटाला वारा पडला, तर पतंगाबरोबर 'ए'ची रेघही खाली.