कासनीचे पान धुवावे की न धुवावे?

वालिदांच्या क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन पाच-सहा आठवडे झाले आणि त्यांचे डोळे पिवळे दिसू लागले. अम्मीने त्याच संध्याकाळी अत्ताराकडून कासनीचे बी आणून भिजत घातले. शेजारच्या खाला काविळीची माळ घेऊन आल्या. घरात उर्दू शिकवणारा मी, म्हणून आजोबांच्या पेटीतले तिबचे जुने पुस्तक वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. वाचताना एका ओळीवर अडकलो. कासनीची ताजी पाने न धुता त्यांचा रस काढावा, असे तिथे लिहिले होते. का, ते लिहिले नव्हते.

हा प्रश्न हजार वर्षांचा जुना निघाला. कासनीला अरबीत ‘हिंदबा’ म्हणतात. इब्न सीनाने (९८०-१०३७) या एका भाजीवर स्वतंत्र रिसाला लिहिला. पाने न धुण्याची प्रथा त्याच्या आधीपासून होती. लोकांत एक रिवायत फिरत असे, की कासनीवर रोज जन्नतचे थेंब पडतात, तेव्हा ती झटकू नये. इब्न सीनाने तबीबाला शोभेल असे कारण दिले. कासनीचा मिजाज थंड, पण पानाच्या वरच्या बाजूवर एक सूक्ष्म, उष्ण अंश पसरलेला असतो. जिगरमधले ‘सुद्दे’, म्हणजे अडथळे, तोच मोकळे करतो आणि पाण्याने तोच निघून जातो. आजचे रसायनशास्त्र असे बोलत नाही. पण कारण मागायचे असते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पुढे दमास्कसच्या इब्न कय्यिमने (मृत्यू १३५०) कासनीबद्दलच्या या रिवायती बनावट असल्याचे स्पष्ट लिहिले. गंमत म्हणजे त्याच ठिकाणी कासनी जिगरला उपयोगी असल्याचेही त्याने नोंदवले. रिवायत नाकारली, वनस्पती नाकारली नाही! आपल्याकडे हल्ली दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात. घ्यायचे तर सगळे, टाकायचे तर सगळे.

जिगरची एवढी काळजी का, तर जालिनूसपासून (गॅलन) चालत आलेल्या समजुतीप्रमाणे रक्त तिथेच तयार होते. दिल आणि दिमाग यांच्या जोडीने त्याला ‘आज़ा-ए-रईसा’त, प्रमुख अवयवांत, जागा मिळाली. उर्दूत ‘जिगर का टुकडा’ आणि मराठीत ‘काळजाचा तुकडा’. खाटकाच्या दुकानात मात्र दोन्ही भाषांची माणसे कलेजीच मागतात.

हकीम कासनीचा रस कच्चा क्वचितच देत. मंद आचेवर ठेवला की रस फाटतो, हिरवा भाग वेगळा होतो. मग स्वच्छ पाणी गाळून घ्यायचे. हे ‘मुरव्वक’. बहुधा त्यात मकोयचा, म्हणजे आपल्या कामोणीचा, तसाच काढलेला रस मिसळत. मुळाची साल आणि बी शरबत-ए-दीनारमध्ये जाते. याच झाडाचे मूळ भाजून दळले की ती कॉफीतली चिकोरी. युनानीला नाके मुरडणारे कित्येकजण ती रोज सकाळी पितात.

विसाव्या शतकात कासनी प्रयोगशाळेत गेली. कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य जिगरमध्ये पोचले की त्याचे फार आक्रमक कण बनतात आणि पेशींची आवरणे फाडतात. उंदरांना हे विष देऊन, वनस्पतीचा अर्क ते नुकसान किती थोपवतो ते मोजायचे, अशी ही चाचणी. १९९८ मध्ये दिल्लीच्या जामिया हमदर्दमधून कासनीच्या मुळाबद्दल, तर कराचीच्या आगा खान विद्यापीठातून कासनीतल्या एस्क्युलेटिन या घटकाबद्दल अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना!

मला आनंद झाला, हे लपवत नाही. पण ‘अल-कानून’च्या दुसऱ्या किताबात इब्न सीनाने औषध पारखण्याच्या सात अटी घातल्या आहेत. रोग साधा असावा, गुंतागुंतीचा नको. गुण एकदा नव्हे, वारंवार दिसावा. आणि शेवटची अट अशी, की औषध माणसाच्या शरीरावर पारखावे, सिंहावर वा घोड्यावर आलेला गुण माणसाला लागू पडेलच असे नाही. उंदीर त्याच्या यादीत नाही, एवढेच. माणसांवरचा कासनीचा पुरावा आजही तुटपुंजा आहे.

वालिदांच्या बाबतीत विष घरातच होते. क्षयाच्या काही गोळ्या जिगरला इजा करतात. आम्ही कासनी पाजत राहिलो असतो आणि गोळ्याही चालू ठेवल्या असत्या, तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्या थांबवल्या आणि जिगर सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू केल्या. आपल्या मनाने त्या बंद केल्या असत्या, तर क्षय बळावला असता.

डोळे स्वच्छ झाले. अम्मी श्रेय कासनीला देते, मी वाद घालत नाही. बी मात्र ती तीन पाण्यांनी धुऊन भिजवते.