हवेचे कोठार आणि मानेवरची तारीख

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास एक विलक्षण बंदूक स्वीकारली. तिला दारू लागत नसे. धूर नाही, ठिणगी नाही. बार्थोलोमेउस जिरार्दोनी याने रचलेल्या या हवाबंदुकीचा दस्ता हीच हवेची टाकी होती. हातपंप सुमारे दीड हजार वेळा मारावा तेव्हा ती भरे आणि मग वीसेक गोळ्या लागोपाठ सुटत. ठासणीच्या बंदुकांच्या युगात हा चमत्कारच म्हणायचा.

मात्र दुखणे टाकीतच होते. लोखंडी पत्रा वळवून सांधलेले ते भांडे दर चौरस इंचाला सुमारे ८०० पौंड दाब सोसत असे. तशा टाक्या एकसारख्या घडवणे त्या काळी फार अवघड. आतील चामड्याच्या चकत्या वाळल्या की हवा गळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे हत्यार मागे पडले. नेमात ते उणे नव्हते, अडले ते हवेच्या कोठारापाशी.

दोनशे वर्षांनी एका खेळाला तोच प्रश्न पडला. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर येथे बारा जणांनी पेंटबॉलचा पहिला सामना खेळला. त्यांच्या हातातली नेलस्पॉट पिस्तुले मुळात झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनलेली. (जिंकलेल्या गड्याने एकही गोळी झाडली नव्हती, हे आणखी विशेष.)

ही पिस्तुले कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या काडतुसांवर चालत. पुढे पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्या आल्या. पण या द्रवरूप वायूचा दाब हवामानाप्रमाणे बदलतो. २१ अंश सेल्सिअसला तो सुमारे ८५० पौंड असतो, उन्हात चढतो आणि सलग गोळीबाराने बाटली गार पडली की घसरतो. म्हणून १९९० च्या दशकात खेळाडू दाबलेल्या हवेकडे वळले. टाकीतला दाब ३००० पौंडांवर, पुढे ४५०० वर गेला. म्हणजे जिरार्दोनीच्या पाचपटीहून अधिक. आणि टाकी पुन्हा बंदुकीच्या मागे, खांद्याला टेकलेली!

एवढा दाब हलक्या भांड्यात मावला तो अग्निशामकांमुळे. जवानांच्या पाठीवरच्या श्वसनयंत्राचे ओझे कमी करण्यासाठी नासाने १९७१ मध्ये काम हाती घेतले. रॉकेटच्या कवचासाठी विकसित झालेले तंत्र तेथे उपयोगी पडले: आत ॲल्युमिनियमचे पातळ भांडे, बाहेर राळेत भिजवलेल्या तंतूंचे वेढे. १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस येथे त्याची चाचणी झाली. तंतू आधी काचेचे होते, पुढे कार्बनचे आले.

पण तंतू सतत ताणाखाली राहिले की डोळ्यांना न दिसता अशक्त होत जातात. म्हणूनच अमेरिकेच्या वाहतूक खात्याने अशा टाक्यांना सर्वसाधारणपणे १५ वर्षांचेच आयुष्य नेमून दिले. केवळ धातूच्या टाकीला तशी अंतिम तारीख नाही. चाचणीत उतरते तोवर ती चालते. चाचणी साधारणतः दर पाच वर्षांनी. टाकी पाण्याने भरून, पाण्याच्याच वेष्टनात ठेवून दाब वापराच्या पाच-तृतीयांश पटीवर नेतात. ३००० पौंडांच्या टाकीला ५०००. ती किती फुगली आणि दाब काढल्यावर त्यातले किती परत आले नाही, हे मोजतात. पाणी जवळजवळ दबतच नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी तिचे बॉम्बसारखे तुकडे उडत नाहीत. उत्तीर्ण टाकीवर महिना व वर्ष उमटते. घरातल्या गॅस सिलिंडरवरचे ए, बी, सी, डी हे वर्षाचे चतुर्थांश दाखवणारे अक्षर याच कुळातले. भारतात सिलिंडरांचे नियमन नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही संस्था करते.

मात्र शिक्का टाकीच्या भिंतीविषयी बोलतो, आट्यांविषयी नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पेंटबॉलच्या कार्बन डायऑक्साइड बाटल्यांबद्दल इशारा दिला. तोवर दोघांचा जीव गेला होता. त्या बाटल्या फुटल्या नव्हत्या. बाटली बंदुकीतून काढण्यासाठी फिरवावी, तर व्हॉल्व्ह बंदुकीतच अडकून राही आणि बाटली व्हॉल्व्हपासून सुटू लागे. दोन्हीकडचे आटे एकाच दिशेने उघडणारे, त्यामुळे हाताला फरक कळत नसे. शेवटचा आटा सुटताच बाटली अग्निबाणासारखी झेपावे.

यावर सुचवलेला उपाय अगदी घरगुती होता. व्हॉल्व्ह आणि बाटली यांच्या सांध्यावर रंगाची किंवा नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढायची. फिरवताना रेघेची दोन टोके एकमेकांपासून सरकलेली दिसली, की हात तिथेच थांबवायचा आणि बाटली जाणकाराकडे न्यायची.