गवयाचा नकार

औंढ्या नागनाथाच्या देवळाची एक आख्यायिका मराठवाड्यातील पोरासोरांसही ठाऊक असते. नामदेव देवळापुढे कीर्तनास उभे राहिले. पुजाऱ्यांस ते रुचले नाही आणि त्यांनी नामदेवांस तेथून उठविले. नामदेवांनी तंटा केला नाही. टाळ-वीणा घेऊन ते देवळाच्या पिछाडीस गेले व तेथेच त्यांनी पुन्हा कीर्तन आरंभिले. तेव्हा देवासच चैन पडेना, आणि अवघे देऊळ फिरून नामदेवांच्या सन्मुख झाले, असे सांगतात. मागच्या अंगाचा नंदी याची साक्ष म्हणून भाविकांस आजही दाखविला जातो. औंढे आणि नामदेवांचे जन्मस्थान मानली जाणारी नरसी ही दोन्ही गावे १९९९ साली हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच मोडत होती.

या आख्यायिकेस इतिहास म्हणावे असा आमचा मुळीच आग्रह नाही. परंतु लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या उराशी धरली, यात मात्र इतिहास आहे. ज्याच्या हाती जागा आहे आणि ज्याच्या कंठी गाणे आहे, अशा दोघांचा तंटा लागला असता गाणाऱ्यापुढे तीन वाटा उरतात: गप्प बसणे, जागेच्या धन्यास रुचेल ते गाणे, किंवा आपले गाणे घेऊन दुसरीकडे जाणे. नामदेवांनी तिसरी वाट धरली. ज्या सत्ताधाऱ्याचे मत आपणांस पटत नाही, त्याच्यापुढे कलावंताने गावे की न गावे, या प्रश्नावर अलीकडे फार चर्चा होते. तिचा विचार करू लागलो की आम्हांस प्रथम या कथेची आठवण होते.

या वादात दोन पक्ष नेहमी आढळतात. एक म्हणतो, कलेस राजकारण नसते; सूर्य जसा राजाच्या व रंकाच्या अंगणात सारखाच पडतो, तसे गवयाने सर्वांपुढे गावे. दुसरा म्हणतो, गाणे म्हणजे रुकार; अन्याय्य माणसाच्या मैफलीत जो बसला तो त्याच्या अन्यायाचा वाटेकरी झाला. दोन्ही मते ऐकावयास गोड आहेत, आणि दोन्ही मते उच्चारणाऱ्यास बहुधा काही किंमत मोजावी लागत नाही. किंमत मोजावी लागते ती गवयास. म्हणून तत्त्वाचा निवाडा करण्यापूर्वी ज्यांनी ती मोजली त्यांच्याकडे पाहणे बरे.

आपल्याकडे गाणे दीर्घ काळ दरबारच्या आश्रयाने जगले. राजाश्रय म्हटला की अन्न आले, मान आला आणि त्याबरोबर मानहानीही आली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र याचा उत्तम दाखला आहे. लहानपणी दृष्टीस अपाय झाल्यावर मिरजेच्या संस्थानिकांच्याच आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकले. पुढे एका समारंभास शिष्यास आमंत्रण आले, पण गुरूस आले नाही. कारण विचारता, गवयास कोण बोलावतो, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९६ साली पलुस्करांनी मिरज सोडली आणि १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ज्या संस्थेचा भार एका संस्थानिकावर न राहता लोकांच्या वर्गणीवर, विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि गायनाच्या जाहीर जलशांवर राहील, अशी संस्था उभारणे हा त्यांच्या जन्माचा उद्योग झाला. त्यापायी त्यांना कर्जही पुष्कळ झाले. परंतु दरबारास नाही म्हणण्यासाठी दरबाराबाहेर पाय टेकावयास जमीन हवी, हे त्यांनी प्रथम ओळखले.

या जमिनीचा उपयोग पुढे दिसून आला. १९२३ च्या डिसेंबरात काकिनाडा येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष मौलाना महंमद अली होते. पलुस्कर वंदे मातरम् गाण्यास उभे राहिले, तेव्हा आपल्या धर्मास गायन मान्य नाही या कारणाने अध्यक्षांनी हरकत घेतली. राष्ट्रसभेचे व्यासपीठ हे कोणा एका धर्माचे स्थान नव्हे, अशा आशयाचे उत्तर देऊन पलुस्करांनी पद शेवटपर्यंत गाइले. अध्यक्ष मात्र व्यासपीठ सोडून गेले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अध्यक्षांचे मत पटत नाही म्हणून पलुस्करांनी सभा टाकली नाही, आणि अध्यक्षांना नको म्हणून गाणेही टाकले नाही. समोर कोण बसला आहे यापेक्षा आपण काय गातो आहो याची चाड त्यांनी अधिक बाळगली.

आता परभणीच्या मुलखाकडे वळू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात मराठी जिल्हे पाच, त्यांपैकी परभणी हा एक. सभा भरवावयाची तर सरकारी गश्तीप्रमाणे परवानगी हवी, शिक्षण उर्दूतून, विद्यापीठ उस्मानिया, तेही १९१८ पासून उर्दू माध्यमाचे. अशा प्रदेशात राजकारणास सरळ रस्ता नव्हता, म्हणून ते कीर्तन, मेळा, ग्रंथालय व साहित्य या आडवाटांनी चालू लागले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले.

परभणी-नांदेडकडील विद्यार्थ्यास वरच्या शिक्षणासाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागे. १९३८ च्या नोव्हेंबरात प्रथम औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात आणि मग उस्मानियाच्या वसतिगृहात हिंदू विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणण्यास सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी ते बंद करण्याचा हुकूम काढला. मुलांनी तो मानला नाही. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. ही मुले काही नामांकित गवई नव्हती. कित्येकांस सुराचा गंधही नसेल. परंतु सत्तेसमोर काय गावे व काय न गावे हा प्रश्न मराठवाड्यात इतक्या उघडपणे त्यापूर्वी कधी उभा राहिला नसेल.

या प्रकरणाची गोष्ट सांगताना आपण मुलांच्या धैर्यापाशी थांबतो. आमच्या मते खरी गोष्ट त्यापुढे आहे. पटावरून नाव गेले म्हणजे मध्यम स्थितीतल्या घरातील मुलाचे सारे आयुष्यच उधळले जाण्याचा संभव होता. वडिलांनी जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढून त्यास पाठविलेले. दुसरे विद्यापीठ त्यास घेईल याची शाश्वती नाही. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली आणि कित्येक मुलांस तेथे प्रवेश मिळाला. नागपूर नसते तर त्या मुलांनी गाणे म्हटले नसते, असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी ते आधीच म्हटले होते. पण नागपूर नसते तर त्यांच्या पाठीमागून दुसरा कोण म्हणावयास धजावला असता, हा विचार करण्यासारखा आहे. एकट्याने दिलेला नकार सत्ता सहज गिळते. त्याच्या पाठीशी जेव्हा कोणीतरी दार उघडून उभे राहते, तेव्हाच त्याचा पायंडा पडतो.

येथे न्यायबुद्धीने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जे पद एकास देशभक्तीचे वाटते तेच दुसऱ्यास परके वाटू शकते. वंदे मातरमच्या पुढील कडव्यांतील देवीच्या स्तवनास अनेक मुसलमानांची हरकत होती, आणि ती ध्यानी घेऊनच राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीने १९३७ साली पहिली दोन कडवीच सभांतून म्हणावी असे ठरविले. तेव्हा गाणारा नेहमी निर्दोष आणि ऐकणारा नेहमी जुलमी, अशी सोपी वाटणी करता येत नाही. परंतु हरकत घेणे निराळे आणि हुकूम काढून नाव कापणे निराळे. पहिल्यास वाद म्हणतात, दुसऱ्यास सत्ता म्हणतात. कलावंताचा तंटा दुसऱ्याशी असतो.

मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. मुंबईच्या नभोवाणीवर गाताना त्यांनी वंदे मातरम् सुरू केले आणि अधिकाऱ्यांनी ते मध्येच तोडले. त्या दिवसापासून त्यांनी नभोवाणीवर गाणे सोडले, ते स्वातंत्र्य उंबरठ्यावर येईपर्यंत. हा बाणा थोर खराच. पण मास्तरांपाशी रंगभूमी होती, बोलपट होते, मैफली होत्या. नभोवाणी गेली तरी चूल विझणारी नव्हती, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. त्याने त्यांचा मोठेपणा कमी होत नाही; आपली समजूत मात्र वाढते. पुढे स्वतंत्र भारतातही असाच प्रसंग आला. आणीबाणीत सरकारच्या वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारास साह्य करण्याचे किशोरकुमार यांनी नाकारले, तेव्हा १९७६ साली त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शन यांवरून बंद करण्यात आली. शाह आयोगाने पुढे या प्रकाराची चौकशी केली. परकीय राज्य जाऊन आपले आले म्हणून हा प्रश्न संपत नाही, एवढे यावरून कळावे.

आतापर्यंत ज्यांची नावे घेतली, त्या सर्वांस निदान नाही म्हणण्याची मुभा होती. परंतु परभणीच्याच काय, मराठवाड्याच्या कोणत्याही खेड्यात जा. तेथे असे वाजविणारे होऊन गेले की ज्यांस ती कधीच नव्हती. मातंग समाजाकडे हलगी-सनई वाजविण्याचे काम परंपरेने आले. पाटलाच्या घरचे लग्न असो, देवाची पालखी असो, की गावास आलेल्या बड्या माणसाची मिरवणूक असो, वाजवावयास गेलेच पाहिजे. मोबदला म्हणजे पसाभर धान्य, आणि नाही म्हटले तर गावाचा बहिष्कार. या माणसास कोणी विचारले काय, की बाबा, ज्याच्यापुढे तू वाजवितोस त्याचे मत तुला पटते का? बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत अशी परंपरागत सक्तीची कामे टाकून देण्याची हाक निघाली, आणि त्याच चळवळीत भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले. ज्या कलेने गावची चाकरी केली होती, ती आता आपल्याच माणसांपुढे आपलेच गाऱ्हाणे गाऊ लागली. नकार आणि नवी मैफल ही दोन्ही तेथे जोडीने आली. मिरज सोडून लाहोरास महाविद्यालय काढणारे पलुस्कर आणि हलगी खाली ठेवून जलशास उभा राहणारा तरुण यांच्या स्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे, तरी दोघांची वाट एकच आहे; आणि औंढ्यास देवळाच्या पिछाडीस गेलेल्या नामदेवांचीही तीच.

यावरून आमचे मत सांगतो. विरोधी मताचा मनुष्य श्रोत्यांत बसला म्हणून गाणे विटाळत नाही. उलट, ज्याचे आपल्याशी पटत नाही त्याच्या कानी सूर पडण्याची सोय गाण्याइतकी दुसऱ्या कशातही नाही. त्याच्यापुढे गाण्यास संकोच नको. परंतु त्याने मैफल आपल्या जयजयकारासाठी भरविली असेल, काय गावे व काय गाळावे हे तो ठरवीत असेल, आणि गवयाचे तेथे बसणे हाच रुकार म्हणून दाखविला जाणार असेल, तर तंबोरा गवसणीत घालून उठणे हाही गायकीचाच भाग होय. श्रोता कोण याहून मैफलीचा धनी कोण, हे पाहावे.

आणि हे मत जितके गवयास उद्देशून आहे तितकेच आम्हां वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांस उद्देशून आहे. आज परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड यांसारख्या गावी गाण्यावर पोट भरणाऱ्या मनुष्यास बोलावणारे किती? पुढाऱ्याचा वाढदिवस, निवडणुकीची फेरी, सत्काराची सभा, हीच त्याच्या हंगामाची मोठी कमाई. तो तेथे गेला की आपण घरी बसून त्यास लाचार म्हणतो. पण गणेशोत्सवात वर्गणी द्यावयाची वेळ आली की गवयाऐवजी ध्वनिक्षेपकावरच भागवितो. हा दुटप्पीपणा आहे. गंगाखेडच्या जनाबाईस कोणाच्या आश्रयाची गरज नव्हती, कारण तिचे गाणे जात्यावरचे होते. पण ज्याचे गाणे हेच जाते, त्यात घालावयास दाणे कोणीतरी दिले पाहिजेत. ते आपण देत नसू, तर जो देतो त्याचे गाणे तो गाईल, याबद्दल त्यास बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाही.

आख्यायिकेत देऊळ फिरले असे सांगतात. आम्हांस वाटते, प्रथम फिरले असतील ते श्रोते. दारापुढची गर्दी उठून पिछाडीस जाऊन बसली असेल, आणि मग देवासही तिकडे तोंड करण्यावाचून गत्यंतर राहिले नसेल.