वेंगुर्ल्याची वलंदेजी वखार

वेंगुर्ला शहरातील डच वखारीचे भग्नावशेष पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की हॉलंडच्या व्यापाऱ्यांनी ह्या लहानशा बंदरात जांभ्या दगडाची एवढी भक्कम वास्तू कशासाठी उभारली? केवळ मिरी आणि कापडासाठी खासच नव्हे. उत्तर भूगोलात आहे. पोर्तुगीजांचा गोवा येथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर, आणि बंदर मात्र विजापूरच्या आदिलशाहीचे. १६३७ साली आदिलशहाच्या संमतीने डचांनी येथे ठाणे मांडले. गोव्याच्या मुखाशी नाकेबंदी करून राहिलेल्या त्यांच्या जहाजांना पाणी व शिधा येथून मिळे. १६६३ मध्ये कोची त्यांच्या हाती आले, पोर्तुगीजांशी तह अमलात आला आणि वेंगुर्ल्याचे मोल उतरणीस लागले.

मराठी कागदपत्रांत ह्या डचांना 'वलंदेज' म्हटले आहे; पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलेला हा शब्द. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सुमारे १७१५) वलंदेजांसह सर्व टोपीकरांविषयी सावधगिरीचा इशारा आहे. त्यांना वखारीस जागा द्यावीच लागली तर समुद्रकिनारी वा खाडीच्या मुखाशी देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. हे प्रकरण आपण राजनीतीचा आणि गद्यशैलीचा नमुना म्हणून वर्गात शिकवतो. परंतु वेंगुर्ल्याच्या भिंतींसमोर ते वाचले, की त्यामागचा अनुभव किती प्रत्यक्ष होता हे ध्यानी येते.

ह्या वखारीतून गेलेली पत्रे मात्र भिंतींपेक्षा टिकाऊ ठरली. शिवकालाच्या अभ्यासकांना त्यांचा आधार घ्यावा लागतो. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या दप्तराचा २००३ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समावेश झाला. म्हणजे आपल्या एका गावाच्या सतराव्या शतकातील बातम्या जगाच्या ठेव्यात जमा आहेत, आणि त्या आपल्याला न वाचता येणाऱ्या भाषेत आहेत. शिवाय त्या व्यापाऱ्याच्या नजरेने लिहिलेल्या. कोणता माल, कोणता भाव, कोणाचे सैन्य जवळ आले, हे त्यांत सापडेल. वखारीत राबणाऱ्या गाबिताचे वा भंडाऱ्याचे मन तेथे शोधून हाती फारसे लागणार नाही.

मंगेश पाडगांवकरांचे हे जन्मगाव. वि. स. खांडेकरांनी ज्या शिरोड्यात अध्यापन केले तेही ह्याच तालुक्यात. तरीही आपल्या वाङ्मयीन चर्चेत ह्या भूमीचे चित्र माड, पोफळी आणि एकाकी घरे एवढ्यावर थांबते. जगाशी व्यवहार करणारे बंदर त्यात क्वचितच दिसते. ही उणीव निसर्गाची नव्हे, आपल्या वाचनाची आहे. वखारीची डागडुजी शासन करू शकेल. पण त्या पत्रांना मराठीत आणणे आणि त्यांत जे लिहिले गेले नाही त्याचा शोध घेणे, हे काम भाषेच्या अभ्यासकांचेच आहे.