वाचता येणारं सर्किट
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळू लागले, म्हणून हौशी माणूस रेडिओ दुरुस्त करायला शिकला, असं मानलं जातं. मला खरं कारण रेडिओच्या सर्किट बोर्डातच दिसतं. 1947 साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे व्हॉल्व्ह सेटमधल्या जीवघेण्या व्होल्टेजऐवजी सेलच्या काही व्होल्टवर भागू लागलं. शिवाय बोर्डाच्या एका बाजूला तांब्याच्या रेषा, दुसऱ्या बाजूला भाग; रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, लाल पट्टा म्हणजे 4,700 ओहम. सर्किट अक्षरशः वाचता यायचं, आणि ही फार मोठी गोष्ट होती. आजच्या बारीक भागांनी ही विद्या संपवली, हा आक्षेप अर्धाच खरा. चिपच्या पोटात शिरता येत नाही, हे कबूल. पण फुगलेला कपॅसिटर, तडकलेला सोल्डरचा जोड अजूनही भिंगाखाली सापडतो आणि हातानं बदलता येतो.