'हौशी' खेळाडू म्हणजे कोण? घामाचा मोबदला आणि जातीचा इतिहास

कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूने खेळावर पैसे कमवावेत की नाही, हा प्रश्न निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "खेळ हा खेळासाठी खेळायचा असतो, पैशासाठी नाही." वाक्य दिसायला फार सोज्वळ आहे. पण ते बोलणारा कोण, त्याच्या घरी संध्याकाळची चूल कशावर पेटते, आणि हे वाक्य पहिल्यांदा कोणी कोणासाठी तयार केले, हे विचारल्याशिवाय आंबेडकरी माणसाने ते गिळू नये. कारण ज्याचा घाम त्याचा मोबदला, हा आपल्यासाठी केवळ अर्थशास्त्राचा मुद्दा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने अंगी सामर्थ्य असले तरी धनसंचय करू नये, असा दंडक आहे. म्हणजे राबायचे, पण साठवायचे नाही. हा दंडक जिथे जिथे नाव बदलून येतो, तिथे तिथे तो ओळखता आला पाहिजे.

'हौशी' या शब्दाचा जन्म मुळात इंग्लंडमधला. १८६६ साली लंडनमध्ये तिथल्या उच्चभ्रूंनी ॲथलेटिक्सचा क्लब काढला, तेव्हा हौशी खेळाडूच्या व्याख्येत फक्त बक्षिसाचे पैसे घेणाऱ्यालाच वगळले नाही. कारागीर, यंत्रावर काम करणारा आणि मजूर यांनाही वगळले. हेन्लीच्या नौकाशर्यतीत हातांनी काम करून पोट भरणाऱ्याला कित्येक दशके प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई की मजुराचे दंड कामाने आधीच तयार झालेले असतात, म्हणून ती स्पर्धा बरोबरीची होत नाही! गवंडी असेल तर वल्हे मारू नको, हा नियम आणि चांभार असेल तर पंगतीत बसू नको, हा नियम यांच्यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

या व्याख्येतला ढोंगीपणा क्रिकेटमध्ये सगळ्यात उघडा पडतो. डब्ल्यू. जी. ग्रेस हा डॉक्टर, म्हणून 'जंटलमन', म्हणून हौशी. १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी या हौशी गृहस्थाने तीन हजार पौंड घेतले. त्याच्याच संघात जे व्यावसायिक म्हणून गेले, त्यांच्या वाट्याला त्याचा एक छोटासा तुकडा आला. तरी मैदानात उतरायचे दरवाजे वेगळे, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, आणि धावफलकावर नाव लिहायची रीतसुद्धा वेगळी. इंग्लंडने हा भेद मोडला तो १९६२ च्या शेवटी. म्हणजे पैसे घेतल्याने कोणी खालचा ठरत नव्हता. खालचा आधी ठरलेला होता, पैसे हे फक्त निमित्त.

आता आपल्या मातीत या.

बाळू पालवणकर. १८७६ चा जन्म, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत, बालपण पुण्यात. पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडणे, लोळवणे, सरावाला चेंडू टाकणे या कामाचे महिना तीन रुपये. तिथून युरोपियनांच्या पूना क्लबात, महिना चार रुपये. कॅप्टन ग्रेग नावाचा गोरा फलंदाज रोज त्याच्याकडून तासन्‌तास चेंडू टाकून घेई. आपल्याला बाद केले की तो बाळूला आठ आणे देई, असे सांगतात. सांगण्यात थोडे मीठमसाला असेल, पण हिशेब बघा : दर महिन्याचे चार रुपये हे झाडण्याचे, आणि आठ आणे हे कौशल्याचे. भारतात कौशल्याच्या मोबदल्याची ही बहुधा सगळ्यात प्रामाणिक पद्धत होती, आणि ती ठेवली एका परक्याने. क्लबाने मात्र त्याला कधी बॅट हातात घेऊ दिली नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, फलंदाजी साहेबाची.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूला संघात घेतले. मैदानात सगळे त्याने टाकलेला चेंडू हाताळत, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे. १८९६ च्या प्लेगच्या साथीत तो मुंबईला आला, पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत लागला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळला. १९०६ आणि १९०७ ला हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्यात त्याचा हात मोठा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरत होता, आणि पस्तिशीतला बाळू एकटा बळी घेत होता : सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १८.८४. परत आल्यावर अस्पृश्य समाजाने मुंबईत त्याचा सत्कार केला. त्या मानपत्राशी भीमराव आंबेडकर या विशीतल्या कॉलेज विद्यार्थ्याचे नाव जोडलेले आहे.

कर्णधारपद मात्र नाही. ११४ बळी चालतात, हुकूम चालत नाही. १९२० मध्ये बाळूला वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. हा खेळाच्या मैदानावरचा सत्याग्रहच होता, महाडच्या सात वर्षे आधीचा. १९२३ ला विठ्ठल पालवणकर हिंदूंचा कर्णधार झाला. हे त्यांना साधले यामागे एक साधे कारण आहे, ज्याकडे क्रिकेटचे लेखक कमी लक्ष देतात. पालवणकर भावांना कोणाच्या मेहेरबानीवर जगायचे नव्हते. ज्याच्या चुलीला पगार आहे, तोच राजीनामा खिशात घेऊन फिरू शकतो.

पुढचा इतिहास आपल्याला अडचणीचा आहे, तो टाळू नये. बाळूने स्वतंत्र मतदारसंघाला विरोध केला, पुणे कराराखाली त्याची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूला ११,२२५. ज्या खेळाडूचा मोठेपणा समाजाने आपला मानला, त्याच्याच नावाचा वापर समाजाच्या नेत्याविरुद्ध झाला. पण यावरून त्याचे बळी कमी होत नाहीत, आणि त्याने घेतलेला चार रुपये पगार लाजिरवाणा ठरत नाही.

आणखी एक उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. डोंबाऱ्याचे पोर दोरीवर चालते, कोलांटी मारते. तीच कोलांटी जिमखान्यात मारली की जिम्नॅस्टिक्स, गुणपत्रिकेवर त्याचे गुण मिळतात. रस्त्यावर मारली तर? १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरत करून पैसे घेणे हे सगळे भिकेच्या व्याख्येत बसवले. एकाच शरीराची एकच कला. एका ठिकाणी पदक, दुसऱ्या ठिकाणी अटक. फरक फक्त पैसे कोणाच्या हातात पडतात याचा.

खाशाबा जाधवांचे उदाहरण सगळे देतात, पण अर्धेच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९५२ मध्ये हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आला. ऑलिंपिक तेव्हा कडक हौशी. प्रवासाचे पैसे गावाने वर्गणी काढून जमवले, प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी घर गहाण ठेवले. म्हणजे पैसे लागलेच. फक्त खेळाडूने ते हक्काने न मागता हात जोडून मागायचे, एवढीच 'हौशी'पणाची अट होती. जत्रेतल्या इनामाच्या कुस्तीला आपल्या खेड्यांनी कधी कमी लेखले नाही. हलगी वाजते, नारळापासून मोठ्या इनामापर्यंत कुस्त्या लागतात, आणि जिंकलेला पोरगा तालमीच्या खुराकाचा खर्च त्यातून काढतो. इथे 'खेळाचे पावित्र्य' कोणालाच आठवत नाही.

अमेरिकेत हा वाद पुरता पिकला. तिथल्या विद्यापीठांचे फुटबॉल आणि बास्केटबॉल हा टीव्हीचा अब्जावधी डॉलरचा धंदा, आणि त्यात राबणारी मुले मोठ्या संख्येने काळी. त्यांना शिष्यवृत्ती, पण वाटा नाही. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द तिथल्या संस्थेने १९५० च्या दशकात मुद्दाम रूढ केला, खेळताना जखमी झालेला किंवा मेलेला मुलगा कामगार ठरू नये आणि भरपाई द्यावी लागू नये म्हणून. आपल्याला हा डाव नवा नाही. अंगणवाडीताईला वेतन नाही, 'मानधन'. कारण वेतन म्हटले की कायदा लागू होतो. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेच्या विरोधात निकाल दिला, १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर पैसे मिळवायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या तडजोडीनंतर विद्यापीठे थेट वाटा देऊ लागली. बहुतेक पैसा पुरुषांच्या दोन खेळांकडेच वळला, मुलींकडे कमी, हेही खरे. ते सुधारता येते. न देणे हे त्याचे उत्तर नाही.

आता नागापूर. आमच्याकडे एमआयडीसी आहे. कंपनीत कंत्राटी पाळी करून कॉलेजात नाव टिकवणारी पोरे इथे घरोघर सापडतात, आणि त्यांत धावणारे, कबड्डी खेळणारे, कुस्ती करणारेही आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा नियम सांगतो की पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी पात्र नाही. १८६६ ची लंडनची व्याख्या आठवा : कारागीर, यंत्रावर काम करणारा, मजूर. शब्द गेले, दार तेच. ज्याच्या बापाची शेती किंवा दुकान आहे तो पोरगा सकाळी मैदानावर जातो. ज्याला पाळीवर जावे लागते तो पोरगा खेळातून बाद. याला गुणवत्ता म्हणायचे?

शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-बापांनी वीटभट्टीवर काम केले. बारावी होताच तो लष्करात गेला, महार रेजिमेंटमध्ये. स्टीपलचेसला लागला तो सैन्यात, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याला कॉलेजच्या 'हौशी' व्यवस्थेने घडवले नाही. पगार, खुराक आणि शिस्त एकत्र देणाऱ्या नोकरीने घडवले.

आपल्याच माणसांचा एक आक्षेप असतो : बाबासाहेबांनी शिका म्हटले, पोरे पैशाच्या नादी लागली तर शिक्षण सुटेल. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून. शिकण्यासाठी पैसे घेणे आणि त्याचा करार करणे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. खेलो इंडियाच्या निवडक खेळाडूंना महिना दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात, म्हणजे तत्त्व सरकारनेही मान्य केलेच आहे. मग ते मोजक्यांपुरते का?

खेळाच्या नावावर कॉलेज जाहिरात करते, प्रवेश वाढवते, फलकावर विजेत्याचा फोटो लावते. त्या फोटोचा हिशेब खेळाडूला द्यावा. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यावरची बंदी उठवावी. जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर खेळणाऱ्या प्रत्येकाला खुराक, प्रवास आणि दुखापतीचा खर्च लेखी करारावर मिळावा, प्राचार्यांच्या मर्जीवर नाही. आणि त्या करारावर 'मानधन' नव्हे, 'मोबदला' हा शब्द असावा.